अँझिओचा धक्का: तोफांच्या टप्प्यात चार महिने चाललेले बंदर

बंदराच्या कामात नव्याने आलेल्या मुलांशी वास्कोत बोलणे होते तेव्हा मी एक प्रकरण हटकून काढतो. ते आपल्या गोव्यातल्या मुरगाव बंदराचे नाही, भारतातलेही नाही. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, रोमपासून साधारण ५५ किलोमीटरवर अँझिओ नावाचे लहानसे बंदर आहे. १९४४ च्या जानेवारीपासून मे अखेरपर्यंत या बंदरावर जर्मन तोफांचे गोळे पडत होते, वरून विमाने येत होती, बाहेर पाणबुड्या टपलेल्या होत्या, आणि तरीही तिथे माल उतरत राहिला. चार महिन्यांत ५ लाख टनांहून अधिक. अँझिओवर लिहिणारे बहुतेक जण सेनापतींच्या चुकांवर पाने खर्च करतात आणि धक्का दोन ओळींत उरकतात. मी उलट क्रमाने जाणार आहे, कारण माझ्या मते त्या लढाईत खरे शिकण्यासारखे काही असेल तर ते धक्क्यावरच आहे.

परिस्थिती

१९४३ च्या अखेरीस दोस्त सैन्य इटलीत दक्षिणेकडून वर सरकत होते आणि कासिनोजवळच्या गुस्ताव फळीपाशी, म्हणजे जर्मनांच्या बचावाच्या रेषेपाशी, अडकले होते. ही फळी मागून उघडायची म्हणून समुद्रमार्गे तिच्या पाठीमागे सैन्य उतरवायचे ठरले. २२ जानेवारी १९४४ ला पहाटे दोन वाजता अँझिओ आणि शेजारच्या नेत्तुनोच्या किनाऱ्यावर सैन्य उतरू लागले. अमेरिकेची तिसरी डिव्हिजन नेत्तुनोच्या पूर्वेला, ब्रिटिशांची पहिली डिव्हिजन अँझिओच्या उत्तरेला आणि अमेरिकी रेंजर्स थेट बंदरात. प्रतिकार जवळजवळ झालाच नाही. मध्यरात्रीपर्यंत ३६ हजार सैनिक आणि ३,२०० वाहने जमिनीवर होती. त्या दिवशी मृत्युमुखी पडले फक्त १३.

बंदर उडवून द्यायची तयारी जर्मनांनी केली होती, पण ती अमलात आणायला त्यांना वेळच मिळाला नाही. काही बुडालेल्या होड्या आणि ढिगारे बाजूला सारून अभियंत्यांनी धक्का लगेच वापरात आणला. हे फार मोठे दैव होते. त्याच पहिल्या आठवड्यात वादळ आले आणि किनाऱ्यावर टाकलेले तरते पूल लाटांनी फेकून दिले. ब्रिटिशांच्या वाट्याला आलेल्या किनाऱ्यापुढे वाळूचे दांडे होते. नौका अलीकडेच अडकत. तो किनारा लवकरच सोडून त्यांचा मालही अँझिओच्या धक्क्यावर आणावा लागला. थोडक्यात, उघड्या किनाऱ्यावर भिस्त ठेवली असती तर हिवाळ्याच्या समुद्राने हे सैन्य उपाशी मारले असते.

पण धक्का लहान होता आणि पाणी उथळ. त्या काळचे मालवाहू लिबर्टी जहाज १३४ मीटर लांब, भरल्यावर साडेआठ मीटर पाणी घेणारे. ते आत येऊच शकत नव्हते. आत येऊ शकत ती एलएसटी, म्हणजे पुढचे तोंड उघडून रणगाडे आणि ट्रक थेट बाहेर सोडणारी सपाट बुडाची जहाजे, आणि तिच्याहून लहान नौका.

टेकडी

अँझिओमागचा सपाट प्रदेश सुमारे ३० किलोमीटर आत अल्बान टेकड्यांपाशी संपतो. त्यांची उंची जेमतेम साडेनऊशे मीटर, पण तिथून सगळे बंदर नजरेत येते. टेकड्यांच्या दोन्ही बाजूंनी रोमकडून दक्षिणेला जाणारे महामार्ग जातात. त्या ताब्यात असत्या तर जर्मनांची रसद तुटली असती. त्या ताब्यात नसल्या तर शत्रूला धक्क्यावरचा प्रत्येक ट्रक मोजता येणार होता.

मोहिमेचे प्रमुख जनरल जॉन लुकास पहिले काही दिवस थांबले. बंदर बळकट करू, तोफा आणि रणगाडे उतरवून घेऊ, मग पुढे जाऊ, असा त्यांचा विचार. मोठा हल्ला त्यांनी ३० जानेवारीला केला. तोवर इटलीतल्या जर्मन सैन्याचा प्रमुख फील्ड मार्शल केसेलरिंगने फ्रान्स, उत्तर इटली, बाल्कन, जिथून मिळेल तिथून तुकड्या गोळा करून वेढा आवळला होता. फेब्रुवारीच्या मध्यावर जर्मनांचा प्रतिहल्ला समुद्रापासून थोड्याच अंतरावर कसाबसा थोपवला गेला. २२ फेब्रुवारीला लुकास यांना बाजूला करून त्यांच्या जागी अमेरिकी जनरल ट्रस्कॉट आले.

लुकास चुकले की नाही, यावर आजही वाद चालतो. मला वाटते दोन्ही बाजूंनी एक गोष्ट पुरेशी मोजलेली नाही: त्यांच्याकडे एलएसटी किती होत्या. या जहाजांची सगळीकडे टंचाई होती. ती नॉर्मंडीच्या उतरणीसाठी इंग्लंडला परत जायची होती. चर्चिल यांनी डिसेंबरच्या अखेरीस रूझवेल्ट यांना गळ घालून ५६ एलएसटी ५ फेब्रुवारीपर्यंत भूमध्य समुद्रात थांबवून घेतल्या, तेव्हा कुठे ही मोहीम शक्य झाली. पुढे सैन्य जितके पसरेल तितका माल रोज लागणार, आणि माल आणणारी जहाजे तर हातातून जाणार. हे ज्याच्या डोक्यावर असेल तो टेकडीकडे धावेल का? दोन डिव्हिजनांनी टेकड्या गाठल्या असत्या, पण त्या धरून ठेवता आल्या असत्या असे मला वाटत नाही. मात्र अलीकडची चिस्तेर्ना आणि काम्पोलिओने ही दोन ठाणी पहिल्या दोन दिवसांत घ्यायला हवी होती. रस्त्यांचे नाके हातात आले असते आणि बंदराला थोडी खोली मिळाली असती. ती मिळाली नाही. पुढचे चार महिने जो पट्टा हातात राहिला तो साधारण २४ किलोमीटर रुंद आणि ११ किलोमीटर खोल. मुरगावच्या टोकापासून मडगावपर्यंतचे सरळ अंतर धरा, तेवढी त्याची रुंदी. खोली त्याच्या निम्मीही नाही. यात मे महिन्यापर्यंत सुमारे दीड लाख माणसे, त्यांचे दवाखाने, दारूगोळा, पेट्रोल, सगळे. ‘पिछाडी’ म्हणावी अशी जागाच नव्हती.

मारा

हवेतून मारा पहिल्याच दिवसांत सुरू झाला. २३ जानेवारीला ब्रिटिश विनाशिका ‘जेनस’ बुडाली. २४ ला रुग्णालय-जहाज ‘सेंट डेव्हिड’ बुडवले गेले. २९ ला एकाच संध्याकाळी क्रूझर ‘स्पार्टन’ आणि दारूगोळा आणणारे लिबर्टी जहाज ‘सॅम्युएल हंटिंग्टन’ गेले. ‘स्पार्टन’ला लागलेला बॉम्ब विमानातून सोडल्यावर रेडिओच्या साहाय्याने वळवता येत होता, त्या काळी हे नवेच अस्त्र होते. १८ फेब्रुवारीला क्रूझर ‘पेनेलोपी’ पाणबुडीने बुडवली. त्याच आठवड्यात रसद आणणाऱ्या एलएसटीही पाणबुड्यांना बळी पडल्या.

जमिनीवरून लांब पल्ल्याच्या तोफा होत्या. त्यांतल्या दोन रेल्वेवरच्या, २८ सेंटिमीटर व्यासाच्या, क्रुप कारखान्याच्या. जर्मनांनी त्यांना ‘लेओपोल्ड’ आणि ‘रॉबर्ट’ अशी नावे दिली होती. पलीकडचे सैनिक त्यांना ‘अँझिओ अॅनी’ म्हणत. एका तोफेचे वजन २०० टनांच्या वर, नळी २१ मीटरांहून लांब, गोळा २५५ किलोचा, पल्ला ६० किलोमीटरच्या पुढे. म्हणजे तोफ सावंतवाडीला आणि गोळा मुरगावच्या धक्क्यावर. दिवसा ती रेल्वेच्या बोगद्यात लपवायची, बाहेर काढून काही गोळे टाकायचे आणि विमाने यायच्या आत पुन्हा आत ढकलायची. शोधूनही ती सापडत नसे.

या दोन तोफांबद्दलच जास्त लिहिले जाते. पण बंदराला रोजचा त्रास मधल्या पल्ल्याच्या, १७ सेंटिमीटरच्या तोफांचाही होता, कारण त्या संख्येने अधिक होत्या आणि कधीही सुरू होत. गोदीतल्या माणसाला तोफेचे नाव कळून काय करायचे? विंचवर उभे असताना पुढचा गोळा कुठे पडणार, हे कळत नाही एवढेच त्याला ठाऊक.

धक्क्यावर काय केले

आता मूळ मुद्दा. माऱ्याखालच्या बंदरात नुकसान कशाचे होते? थांबलेल्या मालाचे. उभे जहाज, धक्क्यावर रचलेली पेटी, रस्त्यात खोळंबलेला ट्रक, ही निशाणे. भिंत बांधून, तोफा लावून त्यांना थोडे झाकता येते. पण खरा उपाय म्हणजे माल तिथे टेकूच द्यायचा नाही. अँझिओवर हे ज्या कसोशीने केले गेले तसे त्याआधी क्वचितच कुठे झाले असेल.

२८ जानेवारीला नेपल्सहून सहा एलएसटींचा पहिला ताफा निघाला आणि नंतर हा रोजचा शिरस्ता झाला. नेपल्स ते अँझिओ सुमारे १६० किलोमीटर. प्रत्येक जहाजात ५० ट्रक, म्हणजे दिवसाला ३००. ट्रक नेपल्सलाच पाच-पाच टन मालाने गच्च भरायचे. त्यात ६० टक्के दारूगोळा, २० टक्के इंधन, २० टक्के शिधा. मग ते जहाजात उलटे घ्यायचे. उघड्या तोंडातून, उतारावरून, भरलेला ट्रक मागे मागे नेत अंधाऱ्या पोटात ओळीने लावायचा. ज्याने भरलेले टिप्पर अरुंद जेट्टीवर रिव्हर्समध्ये घेतले आहे त्याला यातली मेहनत कळेल. वेळ जातो, पुढे एक माणूस हात दाखवत उभा लागतो. पण हा सगळा वेळ नेपल्सला जातो, जिथे अल्बान टेकड्यांवरून कोणी पाहत नाही. अँझिओला जहाज धक्क्याला लागले, तोंड उघडले, फळी पडली, की चालक आधीच केबिनमध्ये बसलेले असत. नाक बाहेरच्या दिशेला. एकामागून एक ट्रक निघत ते थेट शहराबाहेरच्या साठ्यांकडे. क्रेन नाही, जाळी नाही, हमाली नाही, धक्क्यावर एक पेटीही उतरत नाही. आधीच्या खेपेचे रिकामे ३०० ट्रक बाजूला तयार उभे असत. ते आत चढत आणि जहाज परत फिरे.

आमच्या धंद्यात ‘टर्नअराउंड’, म्हणजे जहाज येऊन परत निघेपर्यंतचा वेळ, कमी करा, असे सगळेच सांगतात. ते डेमरेज, म्हणजे जहाज खोळंबल्याचा दंड, वाचवण्यासाठी. इथे तो वेळ माणसांच्या जिवात मोजला जात होता. आणि तो कमी झाला तो धक्क्यावरच्या माणसांना घाई करून नव्हे. काम सुरक्षित टोकाला सरकवून.

लिबर्टी जहाजांचा प्रश्न वेगळा होता. दर दहा दिवसांनी साधारण चार जहाजे येत, बहुतेक उत्तर आफ्रिकेतून भरलेली, आणि बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत. त्यांचा माल लहान नौकांवर आणि ‘डक’वर उतरवायचा. डक म्हणजे पाण्यात चालणारा सहाचाकी ट्रक, अडीच टन वाहणारा. जवळपास ५०० डक इथे कामाला होते. आपल्याकडे मांडवी-जुवारीच्या बार्जनी खाणीच्या जेट्टीवरून खनिज आणून मधल्या पाण्यातल्या जहाजात चढवायचे हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या पाहिलेल्यांना यातली रीत ओळखीची वाटेल, फक्त दिशा उलटी. मात्र बार्जला किनाऱ्यावर पुन्हा एकदा माल हाताळावा लागतो. डक पाण्यातून वर येई आणि त्याच चाकांवर साठ्यापर्यंत जाई. हाताळणीची एक अख्खी पायरी गळाली. किंमत वेगळीकडे मोजावी लागे: ९ हजार टनांचे जहाज अडीच-अडीच टनांनी रिकामे करायचे तर ३,६०० खेपा. म्हणून जड माल मोठ्या नौकांवर आणि हलका, तातडीचा माल डकवर, अशी वाटणी होती. समुद्र खवळला की हे सगळे थांबे आणि बाहेरची जहाजे तशीच उभी राहत. ‘सॅम्युएल हंटिंग्टन’ बाहेरच्या नांगरावर असतानाच गेले.

साठ्यांचीही तीच रीत. दारूगोळा एका जागी रचायचा नाही. बुलडोझरने खड्डे खणून, मातीचे बांध घालून, लहान लहान ढीग लांब लांब. तरीही गोळे लागतच. लागल्यावर पेटलेल्या ढिगाऱ्यात बुलडोझर घालून माती ओढणारी माणसे होती. या कामात, धक्क्यावर आणि डकवर, कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्याही राबत होत्या. त्यांच्या सैन्याने त्यांना वेगळे ठेवले होते. गोळा मात्र वेगळा ठेवत नव्हता. लढाईच्या कथांत त्यांची नावे शोधावी लागतात, याचे मला वाईट वाटते.

आणि धूर. सुरुवातीला संध्याकाळच्या विमानहल्ल्यापुरता दाट धूर सोडत. पण दाट धुरात आपल्याच नौका एकमेकींवर आदळतात, विंचवाल्याला खालचा माणूस दिसत नाही, काम मंदावते. मार्चच्या मध्यापासून दुसरी पद्धत घातली. बंदराभोवती अर्धवर्तुळात, बरेच दूर, धूरयंत्रे मांडली. तेल आणि पाणी तापवून पांढरट धुके सोडणारी ही यंत्रे दिवसभर चालू ठेवायची, पण जपून. आतल्या माणसाला काम करण्याइतके दिसले पाहिजे आणि टेकडीवरच्या निरीक्षकाला गोळा कुठे पडला ते दिसता कामा नये. वारा फिरला की कुठले यंत्र वाढवायचे, कुठले कमी करायचे, हे तासातासाला ठरवावे लागे. मला या सगळ्या प्रकरणात ही युक्ती सर्वांत हुशार वाटते. तोफखान्याचा अर्धा जोर पाहण्यात असतो; पहिला गोळा कुठे पडला हे न दिसणाऱ्या तोफेला दुसरा सुधारून टाकता येत नाही.

२९ मार्चला एका दिवसात ७,८२८ टन माल उतरला. ज्या गावाच्या धक्क्यावर शांततेच्या काळात मच्छीमार आणि सुट्टीला आलेले रोमकर असत, तिथे.

बारीचा दाखला

अँझिओची पद्धत किती मोलाची होती ते कळायला सात आठवडे मागे जावे लागते. २ डिसेंबर १९४३, इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरचे बारी. मोठे, चांगले, दोस्तांच्या ताब्यात सुरक्षित समजलेले बंदर. जहाजे खच्चून भरलेली, रिकामी होण्याची वाट पाहत एकमेकींना चिकटून उभी. रात्री काम चालावे म्हणून दिवे लावलेले. जर्मन विमाने आली आणि एका हल्ल्यात पंधराहून अधिक जहाजे बुडाली. त्यांतल्या ‘जॉन हार्वी’वर गुप्तपणे मस्टर्ड वायूचे बॉम्ब आणले होते; तो वायू पाण्यात आणि हवेत पसरला, आणि डॉक्टरांना आधी सांगितलेलेच नसल्याने होरपळलेली माणसे कशाने मरताहेत तेही कळेना. हजारावर माणसे गेली. बंदर पूर्ववत व्हायला फेब्रुवारी उजाडला.

एक मोठे बंदर एका रात्रीत ठप्प झाले, एक लहान बंदर चार महिने माऱ्याखाली चालले. फरक तटबंदीचा नव्हता. बारीत माल उभा होता.

या पूर्व किनाऱ्याशी आपले नातेही आहे. अँझिओचा वेढा चालू असताना मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान आठव्या भारतीय डिव्हिजनमधून एड्रियाटिकच्या बाजूला चिखलात आणि बर्फात लढत होते. त्याच वर्षी १० जुलैला टायबरच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडातल्या एका खेड्यातला तो विशीतला तरुण.

माणसे

अँझिओ आणि नेत्तुनोच्या सुमारे २२ हजार नागरिकांना जहाजांतून नेपल्सला हलवण्यात आले. बंदर चालू ठेवायचे तर गाव रिकामे करणे भाग होते, हे मला पटते. पण अहवालात ही गोष्ट ‘वाहतूक’ या सदरात येते तेव्हा थांबून वाचावे. गाठोडे घेऊन त्याच धक्क्यावर, त्याच माऱ्याखाली, म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया रिकाम्या परतणाऱ्या जहाजांत चढल्या.

दवाखान्यांना तर हलायला जागाच नव्हती. तंबू जमिनीत खणून अर्धे गाडले होते. ७ फेब्रुवारीला एका दवाखान्यावर बॉम्ब पडले आणि रुग्ण, परिचारिका, डॉक्टर मारले गेले. १० तारखेला दुसऱ्या दवाखान्यावर तोफा लागल्या. वीज गेली तेव्हा विजेऱ्यांच्या उजेडात रुग्ण हलवणाऱ्या तीन परिचारिकांना आणि त्या माऱ्यात जखमी होऊन पुढे वारलेल्या एकीला अमेरिकेचे ‘सिल्व्हर स्टार’ हे शौर्यपदक मिळाले. त्याआधी ते कुठल्या स्त्रीला मिळाले नव्हते.

मुरगावसाठी प्रश्न

१९६१ च्या १८ डिसेंबरला मुरगावच्या पाण्यात भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ यांनी ‘आफोन्सो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेला गाठले, अंजदीव बेटावर आपले नौसैनिक उतरले आणि त्यांतल्या सात जणांनी प्राण दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. मुरगावच्या धक्क्यावर महिनोन् महिने गोळे पडण्याची वेळ आली नाही, हे आपले भाग्य. पण त्यामुळेच आपण हा विचार कधी केलेला नाही.

म्हणून मुलांना मी विचारतो. धक्क्यावरचा माल आज सरासरी किती वेळ उभा असतो, आणि का? रेल्वेचा रूळ वास्को शहरातूनच जातो. तो बंद झाला तर काय? पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी मांडवीचा दांडा धोक्याचा होतो तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत येत आल्या आहेत. या आडवाटेने गरज पडल्यास धान्य आणि डिझेल आणता येईल का, किती ओझ्याच्या बार्जवर, भरतीच्या कुठल्या वेळेला? कोणते काम मुरगावला करण्याऐवजी आधीच, दुसऱ्या टोकाला, उरकता येईल? युद्धच हवे असे नाही. एखादे चक्रीवादळ किंवा टाकीला लागलेली आग हेच प्रश्न विचारते. उत्तरे टन आणि तासांत द्यायची, अशी माझी अट असते.

पुढे काय झाले

२३ मे १९४४ ला वेढा फोडणारा हल्ला सुरू झाला. त्यासाठी लागणारा सगळा दारूगोळा याच धक्क्यावरून आलेला होता. ४ जूनला रोम पडले. अँझिओच्या पट्ट्यात दोस्त सैन्याचे सुमारे ७ हजार मेले आणि ३६ हजार जखमी वा बेपत्ता झाले. ७ जूनला रोमच्या वायव्येला चिव्हितावेक्किया हे मोठे बंदर हाती आले. जर्मनांनी जाता जाता मोडून ठेवलेल्या त्या दोन रेल्वे-तोफा तिथल्याच रुळांवर सापडल्या. त्यांतली एक पुढे अमेरिकेला नेली गेली. चिव्हितावेक्कियाचे बंदर मात्र अँझिओसारखे शाबूत मिळाले नाही. ते मोडलेले होते, आणि अभियंते तिथे धक्का मोकळा करायच्या कामाला लागले.